कोर्स नसलेल्या गोळ्या

मराठी घरांत ‘कोर्स’ हा शब्द औषधाच्या संदर्भात नेमका कधी शिरला याची नोंद कुठल्या कोशात मिळणार नाही. पण तो कोणत्या औषधांचे बोट धरून आला, हे सांगता येते. मार्च १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना, आणि तो उभा राहिला जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने. तेव्हाची पिंपरी म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यालगतचे एक गाव आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी. आकुर्डीत स्कूटर बनत नव्हती, टेल्को आली नव्हती. नगरपालिका झाली ती १९७० साली, महानगरपालिका १९८२ साली, आणि चाकणची मोटारनगरी तर त्याहून पुष्कळ पुढची. लोखंड कापणाऱ्या या पट्ट्यातला पहिला मोठा कारखाना बुरशी वाढवण्याचा होता, हे आज सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. त्या बुरशीतून पेनिसिलिन निघू लागले आणि पुढे क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिनही. ही औषधे एका विशिष्ट शिस्तीने घ्यायची होती. ठरलेले दिवस घ्यायची, मध्ये सोडायची नाहीत, दिवस भरले की मात्र बंद. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात, असा इशारा फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल व्याख्यानातच देऊन ठेवला होता. क्षयाच्या मोहिमांनी तोच धडा गावोगावी नेला. ‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीवरून घराघरांत गेले ते असे. (पूर्ण कोर्सचा आग्रह प्रत्येक संसर्गात कितपत खरा, यावर अलीकडे जंतुशास्त्रज्ञांतच वाद सुरू झाला आहे, तो वेगळा.)

या शब्दाने लाखो जीव वाचवले. त्याच शब्दाने औषधाची एक ठाशीव प्रतिमाही तयार केली: औषध म्हणजे बाहेरच्या शत्रूवर सोडलेला शिपाई, शत्रू मेला की शिपाई घरी. औषध थांबवणे ही या प्रतिमेत घटनाच नाही, ती नुसती शेवटची तारीख आहे. आपल्याकडे दुसरी प्रतिमा आली ती बरोबर उलट्या बाजूने. १९८०च्या दशकात ब्राऊन शुगर मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत पसरली, अनिल अवचटांनी तिच्यावर ‘गर्द’ हे पुस्तक लिहिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांचे ते काम, आणि त्यामागे पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची मदत. ‘टर्की’ हा शब्द मराठी वाचकाला तेव्हा कळला: गर्द तुटले की अंग मोडते, पोटऱ्या पिळवटतात, झोप उडते, माणूस गडाबडा लोळतो. समाजाने यातून एक समीकरण मनाशी पक्के केले. काही सोडल्यावर त्रास होतो, म्हणजे ते व्यसन होते. मला असे म्हणायचे आहे की मेंदूतील डोपामाइन या संदेशवाहक द्रव्यावर काम करणाऱ्या औषधांचा सगळा इतिहास या दोन साच्यांच्या मधल्या जागेत घडला, आणि त्या जागेला आपल्या भाषेत नाव नसल्यामुळे रुग्णांनी, घरच्यांनी आणि काही काळ खुद्द डॉक्टरांनीही मोठी किंमत मोजली. या गोळ्यांना कोर्स नाही, आणि त्या व्यसनही नाहीत. त्या थांबवणे हा उपचारातलाच एक स्वतंत्र, अवघड भाग आहे. वैद्यकाला तो औषध सुरू करण्याच्या कलेपेक्षा फार उशिरा उमगला.

हा इतिहास आपल्याच मातीतल्या एका मुळापासून सुरू होतो, ही त्यातली गंमत. सर्पगंधेचे मूळ वेडावर, झोपेवर आणि सर्पदंशावर देण्याची चाल जुनी. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर ते उपयोगी पडते असा लेख प्रसिद्ध केला. पण जगाचे लक्ष वेधले ते मुंबईने. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील सर्पगंधेच्या चाचणीचा अहवाल छापला. तीन वर्षांत बाझेलच्या सिबा कंपनीने मुळातून रेसर्पिन वेगळे काढले. डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवर सर्पगंधा वापरल्याची बातमी अमेरिकी वृत्तपत्रात वाचून न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी आपल्या रुग्णालयात ती वापरून पाहिली. १९५२ साली पॅरिसमध्ये मनोविकारावरचे क्लोरप्रोमाझिन आले होतेच. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा राहत होता त्याच दोन-तीन वर्षांत मनोरुग्णालयांच्या इतिहासात प्रथमच गोळी देऊन माणूस झोपवून न टाकता शांत करता येऊ लागला. वकील यांना १९५७ साली लास्कर पारितोषिक मिळाले. आपल्याकडे रेसर्पिन ‘अडेल्फेन’च्या रूपाने रक्तदाबाच्या रुग्णांच्या घरात कितीतरी वर्षे नांदले.

या मुळाने नेमके काय केले, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. काही रुग्ण शांत होण्याऐवजी खिन्न होत, काहींच्या हाताला कंप सुटे, चाल आखडे, चेहरा मुखवट्यासारखा होई. त्यातली आणखी विचित्र गोष्ट म्हणजे गोळी बंद केली तरी हा परिणाम लगेच जात नसे. औषध रक्तातून निघून गेल्यावरही कित्येक दिवस टिकून राही. त्याचा उलगडा स्वीडनमध्ये झाला. अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचले आणि पंधरा मिनिटांत ते उठून हिंडू लागले. रेसर्पिनने मेंदूपेशींच्या कोठारातला डोपामाइनचा साठा रिता केला होता. एल-डोपापासून मेंदूने नवे डोपामाइन बनवले. कोठारेच निकामी झालेली असल्याने गोळी थांबली तरी नवी कोठारे तयार होईतो तूट भरत नसे. त्या काळापर्यंत डोपामाइनकडे ॲड्रेनलिन बनण्याच्या वाटेवरचा एक मधला टप्पा म्हणूनच पाहिले जाई. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविझ यांनी पार्किन्सन या कंपाच्या आजाराने मेलेल्यांचे मेंदू तपासले तेव्हा हालचालीच्या केंद्रात नेमके हेच द्रव्य आटलेले आढळले. कार्लसन यांना नोबेल मिळाले ते मात्र २००० साली. या सशांच्या प्रयोगातून शास्त्रज्ञांनी उपचार उचलला. औषध थांबवले म्हणजे त्याचा परिणाम थांबत नाही, मेंदू आपल्या गतीने सावरतो, हा त्यातच दडलेला दुसरा निष्कर्ष मात्र फारसा कोणी उचलला नाही.

एल-डोपाचा दुसरा धागाही आपल्याच रानात होता. खाजकुइलीच्या शेंगेवरच्या कुसांनी अंगाला सुटणारी खाज कोकणात आणि मावळात कोणाला माहीत नाही? त्याच शेंगेतल्या बियांतून १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी एल-डोपा वेगळे काढले होते. आयुर्वेदात ‘कंपवात’ आहे, आणि कपिकच्छूचे, म्हणजे खाजकुइलीचे, बीज वातविकारांवर देण्याची परंपराही आहे. मुंबईत अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली पार्किन्सनच्या रुग्णांवर या बियांच्या चूर्णाचा आधुनिक पद्धतीने अभ्यास करून तो ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त प्रसिद्ध केला, आणि पुढे झंडूने त्यापासून प्रमाणित चूर्ण तयार केले, त्याच्या चाचणीचा अहवाल १९९५ साली आला. या कामाचा अभिमान बाळगावा असेच ते आहे. पण अभिमानाबरोबर एक गैरसमजही वाढला: वनस्पतीचे औषध आहे, तेव्हा कधीही घ्यावे, कधीही सोडावे. बियातला रेणू आणि गोळीतला रेणू एकच आहेत. मेंदू रेणूचे मूळ गाव विचारत नाही. ज्या रुग्णाच्या हालचाली महिनोन्‌महिने या चूर्णावर चालल्या आहेत, त्याने ते एका सकाळी बंद केले तर काय होईल, याचे उत्तर गोळी घेणाऱ्याला लागू होणाऱ्या उत्तरापेक्षा वेगळे असण्याचे काही कारण नाही.

ते उत्तर जगाला महागात मिळाले. १९६७ साली जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडाने मोठ्या मात्रेत डोपा देऊन पार्किन्सनचे जखडलेले रुग्ण चालते केले. पण चार-पाच वर्षांतच तक्रारी सुरू झाल्या. गोळीचा असर लवकर उतरू लागला, माणूस तासाभरात ‘चालू’ आणि ‘बंद’ होऊ लागला, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागले. यावर डॉक्टरांना जो उपाय सुचला त्याला त्यांनी ‘ड्रग हॉलिडे’ म्हटले. कल्पना तर्काला धरून होती. सततच्या औषधाने मेंदूपेशींवरचे डोपामाइन टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) बधिर झाले असतील, तर काही दिवस औषध पूर्ण बंद ठेवावे. ते पुन्हा तरतरीत होतील आणि मग कमी मात्रेवर भागेल. १९७२ साली न्यूयॉर्कच्या एका गटाने असे काही रुग्णांत दिसल्याचे लिहिले, १९८०च्या सुमारास शिकागोच्या वायनर, क्लावन्स आदींनी ही पद्धत पुष्कळ रुग्णांवर वापरली. रुग्णाला भरती करायचे, लेव्होडोपा (म्हणजे एल-डोपाच) थांबवायची, आठवडाभर थांबायचे. सुट्टी हा शब्द मला या इतिहासातला सर्वांत बेजबाबदार शब्द वाटतो. सुट्टीवर डॉक्टरांचा सिद्धांत गेला होता. रुग्ण खाटेवर लाकडासारखा पडून होता. गिळता येईना, म्हणून अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया. हलता येईना, म्हणून पायात रक्ताच्या गुठळ्या. श्वासाला छाती पुरेशी फुगेना.

आणि मग ताप. १९८१ साली जपानच्या तोरू आणि सहकाऱ्यांनी, १९८५ साली फ्रीडमन यांच्या गटाने ‘जामा’मध्ये, पार्किन्सनची औषधे एकदम थांबवल्यावर रुग्णांना तीव्र ताप, दगडासारखा ताठरपणा, भ्रम आणि स्नायू विरघळण्याची अवस्था येते याची नोंद केली. स्नायूंचे अवशेष रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड बंद पडते. हे चित्र मनोविकारतज्ज्ञांना ओळखीचे होते. क्लोरप्रोमाझिनच्या जातीची औषधे घेणाऱ्या काही थोड्या रुग्णांत ते पॅरिसच्या डॉक्टरांनी १९६०च्या सुमारासच वर्णिले होते. फरक इतकाच की तिथे औषधाने डोपामाइनची वाट अडवली होती आणि इथे औषध काढून घेतल्याने डोपामाइन आटले होते. मेंदूच्या दृष्टीने दोन्ही एकच. १९८५ सालीच कोलंबिया विद्यापीठाच्या मेयो आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये ‘सुट्टी’चा फेरहिशोब मांडला: जो लाभ होतो तो फार टिकत नाही, आणि जोखीम मोठी आहे. पद्धत मागे पडली. पण मागे पडली म्हणजे धडा शिकला गेला असे नाही. ज्या वर्षी मुक्तांगणात येणाऱ्या गर्दुल्ल्याला टर्की लागली की काय करायचे याची पद्धत बसत होती, त्याच्या आसपास जगभरातल्या नामांकित विभागांत रुग्णांना डॉक्टरच्याच हुकमाने औषध तोडून खाटेवर झोपवले जात होते, हे आपण विसरू नये. व्यसनमुक्ती केंद्राला टर्की ठाऊक होती, कारण तिथे प्रश्नच ‘सोडण्या’चा होता. न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता.

मुंबईत याच सुमारास एक मोजदाद झाली. पारशी वसाहतींतल्या १४,०१० जणांच्या घरोघर पाहणीत पार्किन्सनचे ४६ रुग्ण सापडले. १९८८ साली भरुचा आणि सहकाऱ्यांनी ही माहिती छापली. दर लाखी ३२८ हे प्रमाण तेव्हाच्या आशियाई आकड्यांत फार मोठे होते. पारशी समाज वयस्क, त्यामुळे आकडा सरसकट महाराष्ट्राला लावता येत नाही. पण वय वाढलेल्या समाजात ही गोळी किती घरांत जाणार आहे याची ती पूर्वसूचना होती. ती खरी ठरली. आज सिंडोपासारखी गोळी पिंपरीच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, आणि लेव्होडोपा-कार्बिडोपाची जोडगोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून या आजाराविषयी जे बोलते-लिहिते, तो आपल्याकडचा या विषयावरचा दुर्मिळ, घरगुती भाषेतला ऐवज आहे.

इथवरचा इतिहास शरीराचा होता. मनाचा अध्याय २०१० साली उघडला. लेव्होडोपाच्या जोडीला ‘डोपामाइन ॲगोनिस्ट’ म्हणजे डोपामाइनची नक्कल करणारी औषधे आली होती; प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही त्यांतली नेहमीची. ती घेणाऱ्या काहींना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा किंवा कामवासनेचा अनावर नाद लागतो हे लक्षात आल्यावर डॉक्टर ती कमी करू लागले. कॉर्नेलच्या रॅबिनाक आणि निरेनबर्ग यांनी ॲगोनिस्ट कमी केलेल्या २६ रुग्णांचा मागोवा घेतला. त्यातल्या पाच जणांना, म्हणजे १९ टक्क्यांना, मात्रा उतरवताना भीतीचे झटके, घाम, थकवा, अंगदुखी, उभे राहताच रक्तदाब कोसळणे, खोल खिन्नता आणि औषधाची ओढ असा त्रास झाला. पाचही जण आधी त्या नादाच्या फेऱ्यात सापडलेले होते. आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी नोंद पुढची आहे: लेव्होडोपा वाढवूनही हा त्रास शमत नव्हता. म्हणजे तो पार्किन्सन बळावल्याचा त्रास नव्हता. हालचाल बरी, आणि माणूस आतून उद्ध्वस्त. गोळी पुन्हा दिली की उतार. काहींना तर ती कायमची सोडताच आली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. औषधाची ओढ, सोडल्यावर घाम आणि भीती, पुन्हा घेतल्यावर शांती. मग याला व्यसन का म्हणू नये? चाकणच्या वाचकाला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात सुमारे वीस किलो मेफेड्रोन पकडले. पोरे ज्याला ‘एमडी’ म्हणतात ते हेच, आणि ते काम करते ते मेंदूत डोपामाइन व सेरोटोनिनचा लोंढा सोडूनच. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत ते २०१५ साली आले. रेणूच्या पातळीवर पाहिले तर एमडीच्या आणि प्रॅमिपेक्सोलच्या वाटा एकमेकींना छेदतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाट छेदली म्हणून मुक्काम एक होत नाही. व्यसनी माणूस पदार्थासाठी आयुष्य मोडतो. पार्किन्सनचा रुग्ण गोळीमुळे सदऱ्याची बटणे लावू शकतो. शरीराला सवय होणे आणि माणूस व्यसनी होणे, या दोन वेगळ्या घटना आहेत. इन्सुलिनवरच्या माणसाला आपण व्यसनी म्हणत नाही. हा भेद शब्दांचा कीस नाही, कारण त्यावर घरातली वागणूक ठरते. ‘बाबांना गोळ्यांची सवय लागलीये’ असे एकदा ठरले, की मुलगा डबी लपवून ठेवतो. त्याच्या मनात गर्दची टर्की असते: चार दिवस तळमळतील, मग सुटतील. गर्दची टर्की बहुधा जीव घेत नाही. लेव्होडोपा एकाएकी तोडल्याने तो जाऊ शकतो.

उलट बाजूचा गोंधळ या औद्योगिक पट्ट्यात आणखी नेहमीचा आहे, आणि तो ‘कोर्स’च्या साच्यातून येतो. पाळीची नोकरी, अवेळी जेवण, ॲसिडिटी. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ॲसिडिटीच्या काही कॅप्सुलांत पँटोप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड असते. पोट पुढे ढकलणारे औषध म्हणून ते दिले जाते. पण त्याचे कूळ मनोविकारावरच्या औषधांचे आहे, आणि ते डोपामाइनची वाट अडवते. ते लांबवर घेतलेल्यांत, विशेषतः वयस्कांत, पार्किन्सनसारखी लक्षणे आणि ओठ-जबड्याच्या अनैच्छिक हालचाली दिसतात, हे नोंदलेले आहे. वाट दीर्घकाळ अडवली की मेंदू आपली दारे वाढवतो, अधिक हळवी करतो. मग अडसर एकदम काढला तर आत येणारे नेहमीचे डोपामाइनही पुरासारखे लागते: मळमळ, अस्वस्थता, उडालेली झोप, क्वचित नव्यानेच सुरू झालेली तोंडाची हालचाल. मनोविकारावरची औषधे एकदम सोडल्यावर आजार जास्त जोराने उलटतो, तो सगळाच मूळ आजार नसून काही अंशी या हळव्या झालेल्या दारांचा परिणाम असावा, अशी मांडणी कॅनडाच्या शुइनार यांनी १९७८ सालापासून केली. ती सर्वांना मान्य नाही. पण पंधरा दिवसांच्या म्हणून दिलेल्या कॅप्सुला वर्षभर स्वतःहून आणणाऱ्याला आपण डोपामाइनचे औषध घेतो आहोत हे ठाऊकच नसते, आणि सोडल्यावर होणारा त्रास तो ‘ॲसिडिटी परत आली’ म्हणून पुन्हा त्याच कॅप्सुलने मिटवतो.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूने येईल. हे सगळे छापले तर लोक घाबरून औषधे घेणारच नाहीत, किंवा घेत असलेली सोडतील. भीती रास्त आहे, पण इतिहास तिच्या बाजूने साक्ष देत नाही. लोक औषधे सोडतातच. काम गेले, गावी गेले, पैसे संपले, बरे वाटले, लग्न ठरले, बुवाने सांगितले. १९८०च्या दशकातली जी हानी आपण पाहिली ती माहिती जास्त झाल्याने झाली नव्हती. ती थांबवण्याविषयीची माहिती नसतानाच, जाणकारांच्या हातून झाली होती. लपवून ठेवलेली गोष्ट रुग्णाला औषधाशी बांधून ठेवत नाही, फक्त त्याला चुकीच्या रीतीने सोडायला लावते. तिसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: हळूहळू उतरवले की सगळेच सुखरूप सुटते, तेव्हा सर्वांनी सावकाश सोडावे. इंग्लंडमध्ये हेच पाहण्यासाठी मनोविकारावरची औषधे सावकाश कमी करण्याची दोन वर्षांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. औषध कमी केलेल्या गटात आजार तीव्रतेने उलटण्याचे प्रमाण जास्त निघाले आणि सामाजिक जगण्यात अपेक्षित सुधारणा दिसली नाही. सावकाशपणा औषध सोडतानाचा त्रास, म्हणजे विड्रॉवल, सौम्य करतो. मूळ आजाराचे काय होईल याची हमी तो देत नाही. म्हणून ‘कसे सोडावे’ या प्रश्नाआधी ‘सोडावे का’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णापुरता, त्याच्या डॉक्टरांबरोबर बसून सोडवावा लागतो.

सोडायचेच ठरले तर गेल्या सत्तर वर्षांतून काय हाती लागते? पहिली गोष्ट गणिताची आहे. मेंदूतले किती ग्राहक औषधाने व्यापले आहेत हे मोजणाऱ्या चित्रणांतून कळले की मात्रा आणि परिणाम यांचे नाते सरळ रेषेचे नाही. मोठ्या मात्रेतून थोडे काढले तर मेंदूला फारसे कळत नाही. शेवटच्या छोट्या तुकड्यात मात्र परिणामाचा मोठा भाग साठलेला असतो. त्यामुळे ‘अर्धी, मग पाव, मग बंद’ या आपल्या नेहमीच्या रीतीत खरा धक्का अगदी अखेरीस बसतो, जेव्हा घरच्यांना वाटते की आता काय, नावाला उरली होती. मनोविकारावरच्या औषधांसाठी २०२१ साली हॉरोविट्झ आदींनी हे तपशिलाने मांडले: जशी मात्रा लहान होते तशी कपातही लहान करायची, आणि दोन कपातींमध्ये आठवडे नव्हे तर महिने लागले तरी चालवून घ्यायचे. दुसरी गोष्ट, एका वेळी एकच औषध हलवायचे. दोन एकदम कमी केली तर कोणत्या गोष्टीने काय झाले याचा पत्ता लागत नाही. तिसरी, लक्षण कधी उगवले याची तारीख लिहून ठेवायची. विड्रॉवल बहुधा मात्रा कमी केल्यावर काही दिवसांत येतो आणि त्यात आधी कधी नसलेली लक्षणे असतात. मूळ आजार सावकाश, आपल्या ओळखीच्या चेहऱ्याने परततो. हा नियम पक्का नाही, पण डॉक्टरांसमोर तारखा असल्या की अंदाज बांधता येतो. पार्किन्सनच्या रुग्णाचे औषध चुकल्यावर ताप, ताठरपणा आणि भ्रम एकत्र दिसले, तर मात्र वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय गाठायचे.

आणि रुग्णालयातच हे औषध सर्वांत जास्त चुकते, हा या इतिहासातला अलीकडचा, काहीसा लाजिरवाणा शोध. माणूस पाय मोडून किंवा न्यूमोनियाने भरती होतो. ‘उपाशी ठेवा’ असा शेरा पडतो, आणि त्याबरोबर सहाची, दहाची आणि दोनची गोळीही जाते. उलटी होते म्हणून मेटोक्लोप्रामाइड टोचले जाते, रात्री बरळतो म्हणून हॅलोपेरिडोल. दोन्ही डोपामाइनची वाट अडवणारीच. म्हणजे एका हाताने पुरवठा बंद आणि दुसऱ्या हाताने दाराला कुलूप. ब्रिटनमधल्या पार्किन्सनच्या संस्थेने २००६ साली गोळी वेळेवर मिळावी एवढ्या एकाच मागणीसाठी मोहीम काढली. नळीतून औषध देता येते, गिळता येत नसेल तर इतर मार्ग आहेत, शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर बहुधा गोळी देता येते. हे सगळे भूलतज्ज्ञाला आधी विचारून ठेवायचे असते. संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असो, मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय असो की एखादे खासगी, वॉर्डातली औषधफेरी वॉर्डाच्या घड्याळावर चालते. रुग्णाचे घड्याळ वेगळे असते, आणि ते सांगायला कोणीतरी खाटेशी उभे असावे लागते.

घरीही तेच. चाकणला कामाला जाणाऱ्या मुलाची पाळी दर आठवड्याला फिरते. पहिली, दुसरी, रात्रपाळी. वडिलांची पाळी फिरत नाही. त्यांची गोळी सोमवारीही सहाला आणि रविवारीही सहाला. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी सहाला मुलगा लाइनवर असतो, सून परतीच्या बसमध्ये, आणि फ्रीजवर ठेवलेल्या सात कप्प्यांच्या डबीपर्यंत वडिलांचा हात पोहोचत नाही, कारण दोनच्या गोळीचा असर साडेपाचलाच उतरलेला असतो.